आमची हरकत आहे

नवरात्र उठलं की आमच्याकडे वारा फिरतो. पावसाळाभर समुद्राकडून येणारा वारा सकाळच्या वेळी डोंगराकडून यायला लागतो, आणि येताना पिकत्या भाताचा वास घेऊन येतो. हा वास मला कधी नीट सांगता आलेला नाही. थोडा पेजेसारखा, थोडा उन्हात टाकलेल्या गवतासारखा, आणि त्याच्या मागे कुठंतरी सुकत चाललेल्या चिखलाचा. मी अलिबागच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि सकाळी साडेसहाच्या एसटीनं जाते. आमच्या फाट्यावर उभं राहिलं की दोन्ही अंगांना खाचरं पसरलेली असतात, लोंब्या दंवानं जड होऊन वाकलेल्या. मी खिडकीची जागा पकडते आणि तो वास घेत राहते. चौलच्या सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या की तो तुटतो.

पूर्वी या वासाबरोबर मला सहामाही परीक्षेचे गठ्ठे आणि दिवाळीची सुट्टी आठवायची. आता एक हंगाम आठवतो. तीन वर्षं झाली त्याला. त्या हंगामात आमच्या गावातल्या बंदुका सरकारजमा झाल्या, त्या परत मिळाव्यात म्हणून गावाच्या वतीनं मी अर्ज लिहिला, आणि अर्ज मान्य झाला. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि ऐकणाऱ्याला त्यात आठवत बसण्यासारखं काही दिसत नाही.

गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या, मग लावलेले आंबे-काजू, मग राखीव जंगल. दाणा दुधात भरला की त्या जंगलातून रानडुकरं उतरतात. डुक्कर खातं त्याच्या कितीतरी पट लोळून नासवतं. सकाळी जाऊन पाहावं तर खाचराच्या मधोमध कोणीतरी चटई अंथरून झोपून गेल्यासारखी जागा. त्यामुळे आजोबांच्या काळापासून गावात शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने होते. चार घरांत चार बंदुका. त्यातली एक आमची, एकनळी, काडतुसाची. आजोबांच्या मागे तिचा परवाना माझ्या वडिलांच्या नावावर झाला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो.

घरात बंदूक आहे याचं मला लहानपणी काही वाटत नसे. माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या, त्यांवर ती आडवी असायची. दसऱ्याला दादा तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायचे आणि आई विळ्या-कोयत्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहायची. पाटा-वरवंटा आणि बंदूक, दोन्ही जड आणि दोन्हींना मुलांनी हात लावायचा नाही, एवढंच मला कळायचं. शेताच्या कडेला बांबूचा उंच माळा बांधलेला असे. दिवेलागणीला माळ्यावरून बार झाला की भाकरी थापता थापता आई म्हणे, हा दादांचा, आता तात्यांचा होईल. आणि थोड्या वेळानं तात्यांचा व्हायचा, जरा फुटक्या आवाजाचा. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ. आमच्या खाचरांना लागूनच त्यांची खाचरं. बहुतेक बार हवेतच जात. डुकराला आवाज पुरतो, असं दादा म्हणत.

त्या वर्षी दसरा होऊन आठ दिवस झाले होते. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी लागली होती, उशिरा पिकणारं गरवं अजून उभं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजायला लागले. दोन तालुके पलीकडच्या एका गावात बांधावरून भावाभावांचा वाद होता. एक भाऊ दुपारी शेतीची दुनळी घेऊन दुसऱ्याच्या खळ्यावर गेला आणि तिथं जेवायला बसलेल्या माणसांवर त्यानं गोळ्या झाडल्या. मध्ये दोनदा बंदूक भरली म्हणे. पाच माणसं गेली. त्यातल्या तिघींचा त्या बांधाशी काही संबंध नव्हता. आज मी तुझं कापते, उद्या तू माझं, अशी शेजाऱ्यांची आपसात मदत असते; तशा त्या कापणीला आलेल्या बायका होत्या.

संध्याकाळी घरी आले तर आमच्या शेजारच्या अंगणात माणसं जमली होती. त्या तिघींमधली एक सुनंदावहिनीची धाकटी बहीण होती, कल्पना.

आमच्या आणि सुनंदावहिनीच्या घरांमध्ये फक्त अडुळशाचं कुंपण आहे. तिचा नवरा प्रकाश एका कंपनीत पाळीवर जातो, शेती मुख्यतः तीच बघते. कल्पना दिवाळीला, आणि मध्येच कधी सहज, बहिणीकडे यायची. ती आली की कुंपणापलीकडून हसणं ऐकू यायचं, मोठं आणि लांब, कोणाची पर्वा नसलेलं. तेवढ्यापुरता दादा रेडिओ बंद करत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, ती पोर हसते ते ऐकायला बरं वाटतं. आई गेल्यावर आमच्या घरात आवाज कमीच झाले होते. मी आणि दादा, दोघंही फारसं न बोलणारे.

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यातून निरोप आला. सगळ्या परवानाधारकांनी शनिवारपर्यंत बंदुका आणून द्याव्यात. शनिवारी माझी अर्धी शाळा होती, म्हणून मी दादांबरोबर गेले. मिनीडोर रिक्षात आमनेसामने चार म्हातारे बसले होते आणि चौघांच्या मांड्यांवर चार लांब गाठोडी. दादांनी आमची बंदूक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. रस्ता खराब, गाडी हादरली की चौघंही एकदम गाठोड्यावर हात ठेवायचे, मांडीवर झोपलेल्या नातवंडावर ठेवावा तसा. ठाण्यातल्या हवालदारानं प्रत्येक बंदुकीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, नंबर लिहिला आणि कोपऱ्यात उभी केली. दादांनी पावती घेतली, खिशात ठेवली, आणि लुगडं तेवढं परत मागितलं. टेबलाच्या कडेला उभं राहून त्यांनी ते चार पदरी घडी करून काखेत घेतलं.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. शेतीच्या बंदुका यापुढे कायम ठाण्यात राहतील. दरवर्षी डोक्यानं ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागेल. सत्तरीपुढच्या माणसाचा परवाना वाढवून मिळणार नाही, आणि बापाचा परवाना मुलाच्या नावावर होणार नाही. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी, मग सुनावणी होईल.

रविवारी सकाळची आरती झाल्यावर देवळाच्या सभामंडपात माणसं थांबली. मी त्या सभेला होते, आणि तिथं जे बोललं गेलं ते मला आजही वेडंवाकडं वाटत नाही. ठाणं बारा किलोमीटरवर, डुक्कर शेतात आल्यावर तिकडे जाऊन सही करून बंदूक आणायची का, असं एकानं विचारलं. एका माणसाचं डोकं फिरलं म्हणून जन्मभर नीट वागलेल्या म्हाताऱ्यांनी डॉक्टरपुढे जाऊन आपण शहाणे असल्याचा कागद आणायचा, ही गोष्ट सगळ्यांनाच लागली होती. घरात पिढ्यांनी सांभाळलेली वस्तू अशी काढून नेली की माणसाला आपल्यावरच संशय घेतल्यासारखं वाटतं. सगळ्यांत जास्त तात्या बोलले. त्यांचा आवाज मोठा आणि मन साफ. शेवटी ते म्हणाले, “आपल्यात असं व्हायचं न्हाय. आपण एकमेकांना लहानपणापासून ओळखतो.”

सगळ्यांच्या माना हलल्या. दादा खांबाला टेकून बसले होते. गावात मराठीची बाई मीच, तेव्हा हरकतीचा अर्ज मी लिहायचा असं ठरलं.

तो अर्ज मी मन लावून लिहिला, हे कबूल करायला हवं. रविवारची दुपार, ओटीवर ऊन, समोर वाळत घातलेलं हळवं भात, त्यावर उतरणाऱ्या चिमण्या, आणि मी एकामागून एक वाक्य घडवत होते. वर्षानुवर्षं मुलांना अर्जलेखन शिकवलेलं, पण कशासाठी तरी खरा अर्ज मी पहिल्यांदाच लिहीत होते. अडीच पानं झाली. ‘सदर तालुक्यात घडलेला अनुचित प्रकार निश्चितच दुर्दैवी आहे, तथापि’ असं एक वाक्य होतं, आणि त्यातल्या ‘तथापि’वर मी खूश होते. पुढे लिहिलं होतं, ‘आमच्या गावात आजवर परवान्याच्या बंदुकीचा एकदाही गैरवापर झालेला नाही.’

दादांना वाचून दाखवलं. ते शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. चांगलं लिवलंस, म्हणाले, आणि गाईला पाणी दाखवायला उठून गेले.

सह्यांसाठी घरोघर फिरणं आलं. प्रकाशनं उभ्या उभ्या सही केली. सुनंदावहिनी मागच्या पडवीत वालाचं बियाणं निवडत बसली होती. बहिणीचं तेरावं करून ती दोन दिवसांपूर्वी परतली होती. तिच्याकडे अर्ज न्यावा की नाही हे मला कळत नव्हतं, पण खाचरं तिच्या नावावर आहेत आणि तिनंच हाक मारली. काय लिहिलंय ते वाच म्हणाली.

मी वाचायला लागले. सुपातला तिचा हात चालू होता. अनुचित प्रकार म्हटल्यावर तो थांबला. “म्हंजे काय, शैलाताय?”

घडू नये असं काहीतरी घडलं, असं मी सांगितलं.

“डुकरानं भात लोळवलं तरी हेच लिवाल ना तुमी?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मग तिनं जे झालं ते सांगितलं, वाचलेल्या बायकांकडून ऐकलेलं. कल्पनाची पाठ अंगणाकडे होती. तिनं डबा नुकता उघडला होता. तिच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी सगळ्यांना आवडायची, म्हणून त्या दिवशी तिनं जास्त केली होती आणि ती पानापानांवर वाढत होती. आधी कोणाला वाटलं फटाका आहे, दसऱ्याचा उरलेला. वहिनी थांबून थांबून बोलत होती आणि मध्येच एखादा किडका दाणा उचलून बाजूला टाकत होती. मी अर्ज घडी करून हातात धरला होता.

“सही करते मी,” ती म्हणाली. “माजं बी खाचर हाय, डुक्कर मला सोडत न्हाय. पण जे झालं ते लिवा.”

घरी येऊन मी ते वाक्य खोडलं, ‘तथापि’सकट. लिहिलं की अमुक गावात खळ्यावर जेवायला बसलेली पाच माणसं शेतीच्या परवान्याच्या बंदुकीनं मारली गेली. त्यातल्या एकीची सख्खी बहीण आमच्या गावात राहते आणि या अर्जावर तिची सही आहे. संध्याकाळी तात्यांनी वाचलं आणि ते अस्वस्थ झाले. आपल्याच हातानं समोरच्याला मुद्दा द्यायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या दोघा परवानावाल्यांनाही तसंच वाटलं. तेव्हा दादा बोलले, या सगळ्या प्रकरणात चारचौघांत पहिल्यांदाच. “ऱ्हाऊ दे तसं. खरं हाय ते.”

अर्ज तसाच गेला.

सुनावणीला वेळ होता आणि गरवं भात तर उभं होतं. ते दिवस मला आवाजांवरून आठवतात. दिवेलागणीला डोंगराच्या कडेनं पत्र्याचे डबे वाजू लागायचे, एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर. काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर फडफडायच्या. दादा आणि तात्या एकाच माळ्यावर बसत, आळीपाळीनं डबा बडवत. डुकरांनी दोन दिवस तो आवाज ऐकून घेतला. तिसऱ्या दिवशी ती वहिनीच्या खालच्या खाचरात उतरली.

सकाळी आम्ही सगळे बांधावर उभे होतो. अर्धं अधिक खाचर आडवं झालेलं, लोंब्या चिखलात रुतलेल्या, मध्ये खुरांचे ठसे आणि साचलेलं पाणी. वहिनीनं पदर खोचला आणि गुडघ्यावर बसून पडलेलं भात कापायला घेतलं. रविवार होता. मी घरून विळा आणला आणि तिच्या शेजारी बसले. मला कापायची सवय राहिलेली नाही; माझी एक ओळ होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. कापता कापता ती त्या माणसाच्या बायकोविषयी बोलली, ज्यानं गोळ्या झाडल्या त्याच्या. त्यांचंही भात उभं असेल, म्हणाली, आणि आता त्यांच्याकडे कापायला कोण जाणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती चिखलातल्या लोंब्या एकेक करून झटकत होती.

सुनावणी कार्तिक संपता संपता झाली. भात खळ्यावर आलं होतं, मोकळ्या खाचरांत पांढऱ्या कांद्याची रोपं लावायला सुरुवात झाली होती. अलिबागच्या कचेरीत मोठ्या खोलीत सात-आठ गावांची माणसं होती. अधिकारी तरुण बाई होत्या, पस्तिशीच्या आत-बाहेरच्या. एकेक अर्ज त्या स्वतः वाचत होत्या आणि मोजकं विचारत होत्या. आमच्या अर्जाला त्यांनी जास्त वेळ घेतला. कोणी लिहिला म्हणून विचारलं. मी उभी राहिले.

“आज आलेल्या सगळ्या अर्जांत नुसती घटना आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अर्जात माणसं आहेत.”

तात्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आपली बाजू वर गेली हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. बाईंनी मग दादांना विचारलं, तुमच्या गावात बंदुकीवरून कधी काही झालं नाही, हे नक्की ना आजोबा. दादा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठले.

“बार झाला न्हाय, बाईसाहेब.”

बाईंनी मान हलवून लिहून घेतलं. दुपारी निकाल सांगितला. कायमचा नियम वरून ठरेल तेव्हा ठरेल. तोवर आमच्या गावच्या बंदुका वर्षभर ठाण्यात राहतील, पण नवरात्रापासून कापणी संपेपर्यंत सही करून घरी नेता येतील. डॉक्टरच्या दाखल्याची आणि वयाची अट तूर्त राहणार नाही. आम्ही मागितलं होतं त्यातलं बरंच मिळालं होतं.

परतीच्या एसटीला तासभर होता. तात्या गावाला वाटायला जिलेबी आणतो म्हणून बाजारात गेले. मी आणि दादा समुद्रावर जाऊन बाकावर बसलो. ओहोटी होती. किल्ल्याकडे जाणारी माणसं ओल्या वाळूतून चालत होती, काहींच्या हातात चपला. ऊन मऊ होतं. मला हलकं वाटत होतं, काहीतरी नीट केल्यासारखं. दादांनी किल्ल्याकडे बघत विचारलं, तू सातवीत होतीस तेव्हाचा बांधाचा वाद आठवतो का.

पुसटसा आठवत होता. तात्यांनी बांध हातभर सरकवला म्हणून घरात महिनाभर चाललेली कुजबुज. एक दिवस भर दुपारी दादा बंदूक घेऊन बाहेर पडले होते आणि आई दारात उभी राहिली होती. मला तिनं आत पाठवलं होतं. संध्याकाळी दादा परतले, बंदूक खुंटीवर ठेवली, आणि पुढे तो विषय निघाला नाही.

“तुज्या आईला सांगितलं, नळी रिकामी हाय, नुसती दाखवायला नेतो,” दादा म्हणाले. “रिकामी न्हवती.”

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं, समुद्राकडे बघत. तात्या बांधावर पाठमोरे बसले होते. पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि तो काढायची खटपट चालली होती. मागं पावलं वाजली तशी वळून न पाहता ते म्हणाले, कोण हाय रं, जरा बघ, मला दिसत न्हाय. दादा उभे राहिले. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नाही. मग त्यांनी बंदूक गवतात ठेवली, खाली बसले, तात्यांचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. तात्यांना वाटलं दादा डुकरामागे आले आहेत. वरच्या जाळीत गेलं असेल, असंही त्यांनी सुचवलं. बांध तात्यांनी सरकवला होता तिथंच राहिला. नळी भरलेली होती हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी काही विचारलं नव्हतं, तरी दादा म्हणाले, “त्याला काटा लागला नसता तर मी काय केलं असतं, ते मला आजून म्हाईत न्हाय.”

एवढ्यात तात्या आले. कागदाच्या पुड्यातून तूप बाहेर फुटलं होतं. त्यांनी आधी दादांच्या हातावर जिलेबी ठेवली, मग माझ्या. आम्ही तिघांनी तिथंच खाल्ली. कचेरी पाच मिनिटांवर होती, उघडी होती. माझ्या अर्जातलं ‘एकदाही गैरवापर झालेला नाही’ हे वाक्य अजून त्या फायलीत होतं. मी उठले नाही, आणि दादांनीही सुचवलं नाही. साडेचारची एसटी आली, आम्ही बसलो.

त्या वाक्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. ते खोटं नव्हतं. गैरवापर झाला नव्हता, बार झाला नव्हता. पण एकमेकांना ओळखतो असं तात्या सभामंडपात म्हणाले तेव्हा त्यांच्यापासून दोन हातांवर दादा बसले होते, आणि दादांजवळ सांगण्यासारखं काय आहे हे तात्यांना आजही ठाऊक नाही. ज्यानं पाच माणसं मारली त्याच्याविषयीही त्याच्या गावातल्या सभेत कोणीतरी हेच म्हणालं असतं. दुसरीकडे वहिनीचं लोळवलेलं खाचरही मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यातलं भात हातांनी कापलं आहे. अजून कोणी मला विचारलं, तुमची हरकत आहे की नाही, तर मला चटकन उत्तर देता यायचं नाही. मुलांना अर्ज शिकवताना मी आता एवढंच सांगते की जे झालं त्याला त्याच्या नावानं लिहा. ती लिहून घेतात. परीक्षेत मात्र ‘अनुचित प्रकार’च लिहितात.

पुढच्या नवरात्रात तात्या आणि बाकीचे दोघे मिनीडोर करून बंदुका आणायला निघाले. तात्या दादांना बोलवायला आले. दादा म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत, तू आण. तात्यांनी आग्रह केला, मग सोडून दिला. काही दिवसांनी दादांनी परवाना परत करण्याचा अर्ज दिला. मला लिहायला सांगितलं नाही, स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. कारण म्हणून लिहिलं होतं, ‘माझे मला ठाऊक.’ कारकून भला माणूस होता. असं चालत नाही आजोबा, म्हणाला, ते खोडायला लावलं आणि तिथं ‘वृद्धापकाळ’ लिहून घेतलं.

आज दादा सत्याहत्तर वर्षांचे आहेत. माजघरातल्या खुंट्यांवर आमच्या छत्र्या असतात. हंगामात दिवेलागणीला दादा अजूनही तात्यांच्या माळ्यावर जातात. दादा डबा बडवतात, तात्या बार काढतात. मध्ये काय बोलतात ते मला माहीत नाही. घरी येतात तेव्हा अंगाला विडीचा आणि गवताचा वास असतो.

यंदा भात चांगलं आहे. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ओटीवर पेपर तपासत होते. ऊन डोंगराच्या माथ्यावर तेवढं उरलं होतं, खाली खाचरांत सावली आली होती. वरून बार झाला. तात्यांचा, त्या फुटक्या आवाजाचा.

बंदुका परत आल्यापासून हे असंच होतं. बार झाला की सुनंदावहिनी असेल तिथून उठते आणि घरातल्या माणसांना हाका मारते. पहिल्या वेळी मला वाटलं जेवायला बोलावतेय. मग कळलं की ती फक्त आहेत ना ते बघते. तिच्या घरात याला कोणी हसत नाही. ज्याला हाक येते तो असेल तिथून ओ देतो.

आधी मुलं. “जयू?” न्हाणीघरातून ओ आली. “स्वरा?” गच्चीवरून आली. मग सासू, “आत्याबाय?” मग नवरा, ज्याचं नाव ती घेत नाही. “अवो, घरात हाव ना?” आतून प्रकाशचा हुंकार. इथं रोज हाका संपतात आणि तिच्या बांगड्या पुन्हा कामाला लागलेल्या ऐकू येतात. त्या दिवशी बांगड्या वाजल्या नाहीत. अडुळशापाशी पाचोळा वाजला.

“शैलाताय?”

बार झाल्यावरची ही हाक तिनं आजवर मला कधी मारली नव्हती. मी पेन खाली ठेवलं.

“हाय गं वहिनी.”

“आन् दादा?”

दादा माळ्यावर होते. बार झाला तिथंच. मी तसं सांगितलं. ती बरं म्हणाली, पण आत गेली नाही. मी उठून कुंपणापाशी गेले. अलीकडे मी आणि पलीकडे ती, दोघी डोंगराच्या पायवाटेकडे बघत उभ्या राहिलो. वरचं ऊन गेलं. डबा वाजायचा थांबला. तिच्या घरातून भाकरी करपल्याचा वास यायला लागला, आतून कोणीतरी तिला तसं सांगितलंही, तरी दादा वळणावर दिसेपर्यंत ती जागची हलली नाही.